नव्या ॲम्फिपॉडचं शरीरवर्णन कसं लिहावं: पहिल्यांदाच हे काम करणाऱ्यांसाठी

समुद्री शेवाळाचा झुबका ट्रेमध्ये झटकला आणि त्यातून सहा-सात मिलिमीटरचा एक ॲम्फिपॉड, म्हणजे कोळंबी-खेकड्यांच्या गटातला छोटा कवचधारी प्राणी, बाहेर पडला. ओळखतक्त्यात तो कुठेच बसत नाही. मार्गदर्शकांनी पाहिला, आणखी एका जाणकाराने पाहिला. दोघांचंही म्हणणं एकच: प्रजाती नवी दिसते, वर्णन लिहायला घ्या. इथपर्यंतचा आनंद मी अनुभवला आहे आणि त्यानंतरचा गोंधळही. संज्ञा पुस्तकांत मिळतात, पण आधी काय करायचं, कुठे हात आवरायचा, हे कोणी क्रमाने सांगत नाही. माझ्या पहिल्या वर्णनाचा निम्मा वेळ चुका निस्तरण्यात गेला. तुमचा तो वेळ वाचावा म्हणून हे लिहितो आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. वर्णन तुमच्या हातातल्या नमुन्याचं असतं, पण ते वाचणाऱ्याच्या हातात दुसराच नमुना असतो. तो पन्नास वर्षांनी तुमचा लेख उघडेल आणि त्याला एवढंच विचारायचं असेल: माझ्या बशीतला प्राणी हाच का? खालची प्रत्येक पायरी त्या माणसासाठी आहे.

मी ॲम्फिपॉड धरून बोलतो, कारण माझं काम त्यांच्यावर आहे. आयसोपॉड, टॅनेड किंवा कोपेपॉड असे दुसरे छोटे कवचधारी हाताळत असाल तर अवयवांची नावं आणि संख्या बदलतील, कामाचा क्रम बराचसा हाच राहील.

काय काय जवळ हवं

साधनं:
- स्टिरिओ मायक्रोस्कोप आणि कंपाउंड मायक्रोस्कोप. दुसऱ्याला चित्रनळी, म्हणजे कॅमेरा ल्युसिडा, असेल तर फार बरं.
- अतिशय बारीक टोकाचे दोन चिमटे, आणि काडीत बसवलेल्या सर्वांत बारीक कीटक-पिना.
- खड्ड्याची स्लाइड, साध्या स्लाइड, कव्हरस्लिप, ग्लिसरीन.
- कवच रंगवायला क्लोराझॉल ब्लॅकसारखा एखादा रंग. रंगाविना पारदर्शक सीटा डोळ्यांना दिसतच नाहीत. (सीटा म्हणजे कवचावरचे केसासारखे किंवा काट्यासारखे अवयव. हा शब्द पुढे सारखा येईल.)
- अल्कोहोलमध्ये टिकणारा कागद, पेन्सिल, आणि मायक्रोस्कोपचा मोजपट्टी असलेला आयपीस.

कागदपत्रं:
- नमुने गोळा करण्याचा परवाना, आणि नमुने देशाबाहेर नेले असतील तर त्याची परवानगी. जनुकीय संसाधनांच्या वापराबाबतचा नागोया करार २०१४ पासून लागू आहे, आणि अनेक नियतकालिकं आता हे कागद मागतात.
- जागेची पूर्ण नोंद: तारीख, अक्षांश-रेखांश, खोली, कशाने गोळा केलं, कशावर मिळाला.
- ज्या संग्रहालयात नमुने ठेवणार त्यांचं संमतिपत्र आणि नोंदणी क्रमांक.
- जवळच्या सगळ्या प्रजातींची मूळ वर्णनं. नंतरच्या लेखांतले सारांश पुरत नाहीत.

पायरी १: ती खरंच नवी आहे का, हे आधी तपासा

ॲम्फिपॉडच्या दहा हजारांहून जास्त प्रजातींना नावं दिली गेली आहेत. ओळखतक्त्यात प्रजाती बसली नाही याचा अर्थ अनेकदा एवढाच असतो की तक्ता जुना आहे. समुद्री प्रजातींच्या जागतिक नोंदवहीत, म्हणजे वर्म्समध्ये, आपल्या प्रजातीच्या वंशाखालची सगळी नावं काढा. रद्द झालेली नावंही सोडू नका. मग एकेका प्रजातीचं मूळ वर्णन आपल्या नमुन्याशेजारी ठेवून वाचा. मी यासाठी मोठा तक्ता करतो: आडव्या ओळीत प्रजाती, उभ्या रकान्यात लक्षणं. हा तक्ता पुढे चर्चेच्या भागात जसाच्या तसा उपयोगी पडतो.

इथे दोन सापळे आहेत. पहिला वयाचा. ॲम्फिपॉडला अळीची अवस्था नसते. आईच्या पोटाखालच्या पिशवीतून बाहेर येणारं पिल्लू मोठ्या प्राण्याची छोटी प्रतच असतं, म्हणून ते प्रौढ समजलं जाण्याचा धोका मोठा. कात टाकत टाकत ते वाढतं आणि दर कातीला अँटेनाचे खंड, सीटा, ग्नॅथोपॉडचा (पकड घेणाऱ्या पुढच्या पायांचा) आकार बदलत जातो. दुसरा सापळा लिंगाचा. कित्येक कुळांत नराचा दुसरा ग्नॅथोपॉड मादीच्या तुलनेत अवाढव्य आणि वेगळ्याच घडणीचा असतो. एकाच प्रजातीच्या नर-मादीला दोन नावं दिली गेल्याची उदाहरणं या शास्त्राच्या इतिहासात पुष्कळ आहेत. सातव्या वक्षखंडाच्या खालच्या बाजूला छोट्या जननपिडिका दिसल्या तर नर. पायांच्या मुळाशी ऊस्टेगाइट नावाच्या पट्ट्या दिसल्या तर मादी, आणि त्या पट्ट्यांच्या कडेला लांब सीटा असतील तर प्रौढ मादी.

उलटी चूकही होते. युरिथेनिस ग्रायलस हा खोल समुद्रातला मोठा ॲम्फिपॉड जगभर पसरलेली एकच प्रजाती मानला जात असे. २०१३ मध्ये डीएनए आणि शरीररचना शेजारी ठेवून पाहिल्यावर त्या एका नावाखाली अनेक वंशरेषा दडल्याचं दिसलं. म्हणून जमेल तर प्रजाती ओळखायला वापरल्या जाणाऱ्या सीओआय जनुकाचा सुमारे ६५८ अक्षरांचा तुकडा काढून घ्याच.

पायरी २: नमुने वाटून ठेवा

सगळे नमुने एकाच बाटलीत, एकाच द्रावणात ठेवू नका. फॉर्मेलिनने शरीर छान ताठ राहतं पण डीएनए खराब होतो. तीव्र अल्कोहोलने, म्हणजे ९५ टक्के किंवा त्याहून जास्त, डीएनए टिकतो पण पाय ठिसूळ होतात आणि हात लागताच तुटतात. मी काही नमुने तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवतो आणि शरीररचनेसाठीचे ७० टक्क्यांत. जिवंत सापडले तर रंग त्याच क्षणी लिहा आणि फोटो काढा. अल्कोहोलमध्ये रंग उडतो, डोळ्यांचाही.

चिठ्ठी बाटलीच्या आत, पेन्सिलने. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि लेझर प्रिंटची अक्षरं कधी कधी खपलीसारखी सुटून तळाशी बसतात. चिठ्ठी गेली की नमुना कितीही सुंदर असला तरी तो कुठला हे सांगता येत नाही.

पायरी ३: शरीराचा नकाशा पाठ करा

नवख्यांचा सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून सावकाश वाचा.

ॲम्फिपॉडला कोळंबीसारखं पाठीवरचं एकसंध कवच नसतं आणि डोळे देठावर नसतात. पुढून मागे गेलं की डोकं, मग पेरिऑनचे (वक्षाचे) सात खंड, प्लिऑनचे (पोटाच्या पुढच्या भागाचे) तीन, युरोसोमचे (पोटाच्या मागच्या भागाचे) तीन, आणि शेवटी टेल्सन, म्हणजे शेपटाची छोटी पट्टी. वक्षाचा पहिला खंड डोक्यात विरघळून गेलेला असतो. त्याचीच पायांची जोडी मॅक्सिलिपेड बनून तोंडाच्या कामाला लागलेली असते. म्हणून मोकळे खंड सात उरतात.

या सात खंडांना पायांच्या सात जोड्या. पहिल्या दोन पकड घेणाऱ्या, त्यांना ग्नॅथोपॉड १ आणि २ म्हणतात. पुढच्या जोडीला बहुतेक लेखक पेरिओपॉड ३ म्हणतात, १ नाही, कारण ग्नॅथोपॉड मोजणीत धरलेले असतात. जुन्या काही लेखांत मात्र याच पायाला पेरिओपॉड १ म्हटलेलं आढळेल. मूळ वर्णन वाचताना लेखकाने मोजणी कुठून सुरू केली ते आधी पाहा. मी हे न पाहता एका जुन्या वर्णनातला तिसरा पाय माझ्या तिसऱ्या पायाशी ताडून पाहिला होता आणि दोन दिवस नसलेल्या फरकाच्या मागे लागलो होतो.

प्रत्येक पायाचे सात खंड, शरीराकडून टोकाकडे: कॉक्सा, बेसिस, इस्किअम, मेरस, कार्पस, प्रोपोडस, डॅक्टिलस. कॉक्सा बाजूला पसरून पट्टीसारखा झालेला असतो. पेरिओपॉड ३ आणि ४ एका दिशेला वळलेले, ५ ते ७ उलट्या दिशेला, आणि या शेवटच्या तिघांचा बेसिस बहुधा रुंद, पानासारखा. प्लिऑनवर पोहण्याचे प्लिओपॉड तीन जोड्या, युरोसोमवर युरोपॉड तीन जोड्या.

तोंडाकडे वरचा ओठ, मँडिबल (मुख्य जबडा), खालचा ओठ, मॅक्सिला १, मॅक्सिला २ (मदतीचे जबडे), मॅक्सिलिपेड. मँडिबलवर कापणारा दात, त्याच्याशेजारी लॅसिनिया मोबिलिस नावाचा हलता दात, सीटांची रांग, दळणारी दाढ आणि पॅल्प नावाची खंडांची छोटी शाखा. डावा आणि उजवा लॅसिनिया बहुधा सारखे नसतात, म्हणून मँडिबल दोन्ही बाजूंचे काढायचे आणि दोन्हींचं वर्णन लिहायचं.

हे सगळं कागदावर एकदा स्वतः काढा. छापील आकृतीवर बोट फिरवून हे डोक्यात बसत नाही.

पायरी ४: तोडण्याआधी अख्खा प्राणी काढा

हे न करण्याची चूक मी केली आहे. माझ्याकडे एकच मोठा, पूर्ण नर होता. उत्साहात मी थेट ग्नॅथोपॉड सोडवायला घेतला आणि अख्ख्या शरीराचं चित्र राहून गेलं. नंतर ते लहान नरावरून काढावं लागलं, आणि त्या नराचा तिसरा युरोपॉड तुटलेला होता.

प्राणी डाव्या कुशीवरून दिसेल असा ठेवा, डोकं चित्रात डावीकडे. पाठीची वाक जशी आहे तशी काढा. लांबी कुठून कुठे मोजली ते लिहून ठेवा. मी डोक्याच्या पुढच्या टोकापासून टेल्सनच्या टोकापर्यंत पाठीच्या वळणावरून मोजतो. काही जण सरळ रेषेत मोजतात आणि वाकलेल्या प्राण्यात त्याने बराच फरक पडतो.

याच वेळी कॉक्सांच्या पट्ट्या एकमेकींवर कशा चढल्या आहेत, तिसऱ्या एपिमेरल पट्टीचा (प्लिऑनच्या खंडाची बाजूने खाली उतरणारी पट्टी) मागचा-खालचा कोपरा गोल आहे की टोकदार, युरोसोमच्या पाठीवर काटे आहेत का, हे टिपा. अवयव सुटे झाल्यावर ही लक्षणं तितकी नीट तपासता येत नाहीत.

पायरी ५: अवयव सुटे करणं

आधी एक-दोन साध्या, भरपूर मिळणाऱ्या ॲम्फिपॉडवर हात बसवा. पाच-सहा प्राणी वाया गेले तरी चालेल.

अल्कोहोलमधला नमुना थेट शुद्ध ग्लिसरीनमध्ये टाकू नका, तो आकसून चिपाड होतो. अल्कोहोल आणि ग्लिसरीनच्या मिश्रणात ठेवा, धूळ बसणार नाही अशा बेताने झाका, आणि अल्कोहोल हळूहळू उडू द्या. घाई केली तर सगळ्यांत आधी पातळ कॉक्सा सुरकुततात.

एकाच बाजूचे अवयव काढा, दुसरी बाजू शरीरावर राहू द्या. नंतर येणाऱ्याला ती तपासता आली पाहिजे. मी मागून पुढे येतो: युरोपॉड आणि टेल्सन, मग पाय सातव्यापासून पहिल्यापर्यंत, शेवटी तोंड. पाय ओढायचा नाही. कॉक्सा आणि शरीर यांच्यामध्ये सुईचं टोक सरकवायचं आणि स्नायू तोडायचा, म्हणजे कॉक्सा पायासोबत येतो. तोंडाचे अवयव बाहेरून आत: मॅक्सिलिपेड, मॅक्सिला २, मॅक्सिला १, खालचा ओठ, मँडिबल, वरचा ओठ. काढलेला प्रत्येक अवयव लगेच त्याच्या क्रमांकाच्या स्लाइडवर न्या. पेरिओपॉड ६ आणि ७ बशीत शेजारी पडले की ओळखणं अवघड जातं.

कव्हरस्लिपच्या दाबाने मॅक्सिलिपेड आणि ग्नॅथोपॉड पसरतात, आणि पसरलेल्या अवयवाची रुंदी खरी नसते. कव्हरस्लिपखाली काचेचे बारीक तुकडे किंवा मातीचे ठिपके द्या.

इथले नेहमीचे तीन सापळे:

गळालेला अवयव आणि मुळात नसलेला अवयव यांत फरक करा. काही कुळांत मँडिबलला पॅल्प नसतोच, उदाहरणार्थ टॅलिट्रिडी. पण तुमच्या नमुन्यात तो दिसला नाही तर सुईने गळून पडला असण्याचीच शक्यता जास्त. जोडाची खाच दिसते का ते पाहा, आणि दुसऱ्या नमुन्यात तपासल्याशिवाय ‘नाही’ लिहू नका.

अँटेना १ च्या देठाच्या टोकाला, आतल्या बाजूला, एक छोटी जादा शाखा असू शकते. कधी ती एकाच इवल्या खंडाची असते आणि मुख्य शाखेमागे लपते. अँटेना उलटी करून पाहा.

काटा आणि सीटा एकच धरू नका. सीटाच्या मुळाशी खोबण असते, ती तिथून हलू शकते. खोबण नसेल तर तो कवचाचाच वाढलेला भाग. जुन्या लेखांत जाड सीटांनाही काटेच म्हटलेलं आहे. तुम्ही कोणता शब्द कशासाठी वापरता ते लेखाच्या सुरुवातीला एका वाक्यात लिहा.

पायरी ६: चित्रं

चित्रनळीतून पेन्सिलने, मग संगणकावर वेक्टर रेषांनी गिरवणं, हा आता बहुतेकांचा मार्ग आहे. इंकस्केप फुकट मिळतं आणि पुरेसं आहे. संगणकावर एक सीटा काढून ती चिकटवत जाण्याचा मोह होईल. संख्या आणि जागा मोजूनच चिकटवा. वाचणारा चित्रातल्या सीटा मोजतो.

मोजपट्टीची रेघ प्रत्येक चित्राला हवी. ‘४० पट मोठं’ असं लिहून उपयोग नाही, छापताना आकार बदलतो.

पायरी ७: वर्णन लिहिणं

वर्णन तारेच्या भाषेत असतं, क्रियापदं कमी. क्रम ठरलेला असतो: डोकं, अँटेना, मुखांगं, ग्नॅथोपॉड, पेरिओपॉड, प्लिओपॉड, युरोपॉड, टेल्सन. नमुना म्हणून असं काहीसं:

‘ग्नॅथोपॉड २: कार्पस त्रिकोणी, लांबी रुंदीच्या १.२ पट; प्रोपोडस अंडाकृती, लांबी रुंदीच्या १.६ पट, पाम तिरका, कोपऱ्यावर जाड सीटा २, डॅक्टिलस पामच्या पूर्ण लांबीपर्यंत पोहोचतो.’

पाम म्हणजे प्रोपोडसची ती कड, जिच्यावर डॅक्टिलस मिटतो.

आता हेच वाईट कसं लिहिलं जातं ते पाहा: ‘ग्नॅथोपॉड २ मोठा व मजबूत, प्रोपोडस बराच रुंद.’ कशाच्या तुलनेत मोठा? पन्नास वर्षांनंतरच्या वाचकाला या वाक्यातून काहीही मिळत नाही. विशेषणाच्या जागी गुणोत्तर लिहा, आणि गुणोत्तर कोणत्या रेषेवर मोजलं ते पद्धतीच्या भागात सांगा.

आधी होलोटाइपचं, म्हणजे ज्या एका नमुन्यावर नाव टांगलेलं असतं त्याचं, पूर्ण वर्णन. मग विरुद्ध लिंगाचं वर्णन, फक्त जिथे फरक आहे तिथे. मग वेगळा परिच्छेद बदलांवर: अँटेना १ च्या शाखेचे खंड लहान नमुन्यात किती, मोठ्यात किती, टेल्सनवरच्या सीटा किती ते किती. हा परिच्छेद लोक टाळतात, कारण त्यासाठी दहा-पंधरा नमुने मोजावे लागतात. माझ्या मते वर्णनातला सर्वांत उपयोगी परिच्छेद हाच आहे. तो नसेल तर एक सीटा जास्त असलेला प्रत्येक प्राणी पुढच्या माणसाला नवी प्रजाती वाटतो.

डायग्नोसिस वेगळी लिहा आणि ती छोटी ठेवा. वर्णनात सगळं येतं, डायग्नोसिसमध्ये फक्त ती लक्षणं जी एकत्र घेतली की ही प्रजाती इतरांपासून सुटी होते. वंशातल्या सगळ्यांत असलेली लक्षणं इथे भरू नका.

पायरी ८: टाइप, नाव, नोंदणी

प्राण्यांच्या नावांची आंतरराष्ट्रीय संहिता इथे काटेकोर आहे. सध्याची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. नाव नवं आहे हे स्पष्ट लिहावं लागतं, इतर प्रजातींपासून वेगळेपण शब्दांत सांगावं लागतं, टाइप ठरवावा लागतो, आणि तो कोणत्या संग्रहात आहे किंवा ठेवणार आहात हेही लिहावं लागतं. २०१२ पासून फक्त इलेक्ट्रॉनिक रूपात निघणाऱ्या लेखातलंही नाव ग्राह्य धरलं जातं, पण लेखाची झूबँकमध्ये, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत, आधी नोंदणी झालेली हवी आणि तिचा पुरावा लेखात छापलेला हवा. तुमच्या नियतकालिकाने ही नोंदणी केली असेल असं गृहीत धरू नका, विचारा.

होलोटाइप निवडताना सर्वांत मोठा नमुना घेण्यापेक्षा सर्वांत पूर्ण घ्या. त्याच्या सुट्या अवयवांच्या स्लाइड आणि उरलेलं शरीर यांवर एकच नोंदणी क्रमांक हवा.

नाव प्रबंधात किंवा परिषदेच्या पोस्टरवर आधी छापू नका. तिथे ‘प्रजाती अ’ पुरे. पुरुषाच्या सन्मानार्थ नाव असेल तर शेवट ‘आय’ या अक्षराने, स्त्रीच्या असेल तर ‘एई’ या दोन अक्षरांनी होतो. नाव विशेषण असेल तर ते वंशाच्या व्याकरणिक लिंगाप्रमाणे फिरतं. स्वतःचं नाव देऊ नये हा संकेत आहे. चांगल्या नावात प्राण्याची गोष्ट असते. मारियाना गर्तेतल्या युरिथेनिस प्लास्टिकसचं वर्णन २०२० मध्ये झालं. त्याच्या एका नमुन्याच्या पोटात पीईटी प्लास्टिकचा तंतू मिळाला होता. अटाकामा गर्तेत ७,९०२ मीटरवर सापडलेल्या डल्सिबेला कमांचाकाच्या नावातला दुसरा शब्द अँडीज भागातल्या लोकभाषांतला, अर्थ अंधार. हे वर्णन २०२४ चं.

पायरी ९: पाठवण्याआधीची एक परीक्षा

होलोटाइप बाजूला ठेवा. एक पॅराटाइप (होलोटाइपसोबत वर्णनात नोंदवलेला त्याच प्रजातीचा दुसरा नमुना) आणि जवळच्या प्रजातीचा एक नमुना अशा दोन बाटल्या, चिठ्ठ्या झाकून, एखाद्या सहकाऱ्याला द्या. सोबत फक्त तुमची डायग्नोसिस आणि चित्रं. तुम्ही खोलीत थांबू नका, नाहीतर तुम्ही तोंडी मदत करायला लागाल. दोन्हींतला तुमचा प्राणी कोणता हे त्यांना न विचारता सांगता आलं तर लेख पाठवा. ते कुठे अडखळले ते विचारा आणि नेमकं ते वाक्य पुन्हा लिहा. माझ्या बाबतीत ते वाक्य एपिमेरल पट्टीच्या कोपऱ्याचं होतं. मी ‘किंचित टोकदार’ लिहिलं होतं. त्या जागी ‘जवळपास काटकोन, टोकाला छोटा दात’ असं केलं, आणि दुसऱ्या सहकाऱ्याने बाटली लगेच ओळखली.